दैव पाचवे

आज महानवमी. आपल्याकडे हिलाच खंडेनवमी म्हणण्याचा प्रघात आहे. खंडा म्हणजे रुंद पात्याची सरळ तलवार. मराठी माणसाची उपजीविका जेव्हा तलवारीवर चाले, तेव्हा आजच्या दिवशी ती घासूनपुसून देवापुढे मांडली जाई. शेतकरी आपला कोयता मांडी, सुतार रंधा मांडी, लोहार हातोडा मांडी. ज्या साधनाच्या योगाने घरातील चूल पेटते, त्याचे ऋण मान्य करण्याचा हा दिवस होय.

आकुर्डी हे मूळचे देवाचे गाव. संत तुकाराममहाराजांची पालखी देहूहून निघाली की येथील विठ्ठलमंदिरात विसावते. माळावर खंडोबाचे ठाणे आहे. साठच्या दशकात पुणे-मुंबई रस्त्याच्या दुतर्फा कारखाने उभे राहू लागले आणि पाहता पाहता पिंपरी, चिंचवड, भोसरी, पुढे तळेगाव आणि चाकण हा सारा टापू यंत्रांच्या आवाजाने भरून गेला. कोणी सांगलीहून आले, कोणी लातूर-बीडहून, कोणी बिहार-उत्तर प्रदेशातून. देव मात्र सर्वांनी आपापल्या गाठोड्यात बांधून आणले. म्हणूनच आज या पट्ट्यातील लहानमोठ्या शॉपमध्ये लेथ आणि पॉवर प्रेस धुऊन पुसून लख्ख केले जातील, त्यांच्यावर स्वस्तिक रेखले जाईल, झेंडूची माळ चढेल, नारळ फुटेल आणि पेढे वाटले जातील. हे दृश्य मोठे हृद्य असते. त्यात कृतज्ञता आहे, श्रमाची प्रतिष्ठा आहे.

तथापि या पवित्र दिवशी एक प्रश्न विचारणे आम्हांस आवश्यक वाटते. ज्या यंत्राला आपण हळदकुंकू वाहतो, त्या यंत्रावर चालणारा हात सुरक्षित आहे काय?

हा प्रश्न एखाददुसऱ्या अभाग्याचा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे दुखापती आणि हिंसा यांमुळे जगात दरवर्षी सुमारे ४४ लाख माणसे प्राणास मुकतात. एकूण मृत्यूंच्या हे प्रमाण जवळजवळ ८ टक्के पडते. एकट्या महाराष्ट्रात २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी रस्त्यांवर १५ हजारांहून अधिक जीव गेले. पटकी, देवी, प्लेग यांच्या साथी आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिल्या. त्या साथींपुढे माणसे प्रथम हात जोडून बसली; मग कारण कळले, पाणी उकळले गेले, लस टोचली गेली आणि साथी हटल्या. दुखापतीची साथ अजून हटलेली नाही, कारण तिला आपण साथ मानतच नाही. तिला आपण 'अपघात' म्हणतो आणि एक सुस्कारा टाकून मोकळे होतो.

या शब्दाकडे किंचित थांबून पाहू. आज 'अपघाताने' म्हणजे योगायोगाने, कोणाचाही दोष नसता, असा अर्थ रूढ झाला आहे. संस्कृतात मात्र 'अप' या उपसर्गापुढे 'हन्' धातूचा 'घात' आहे. हन् म्हणजे प्रहार करणे, मारणे. मूळ शब्दात योगायोगाचा वासही नाही. त्यात आघात आहे, आणि आघात म्हटला की आघात करणारे काहीतरी आलेच. 'हिंसा' हा शब्द 'हिंस्' धातूचा. भाषाशास्त्रज्ञ त्याचेही नाते 'हन्'शीच जोडतात. यंत्राखाली चिरडलेले बोट आणि घरात उगारलेला हात यांना आरोग्यशास्त्राने आज एकाच प्रकरणात घातले आहे. आपल्या भाषेने त्यांचे कूळ फार पूर्वीच एक धरले होते. इंग्रजीत योगायोगाचा अर्थ असलेला जो शब्द या प्रसंगी वापरतात, तो आपल्या पानांत यापुढे वापरायचा नाही असा निर्णय ब्रिटिश मेडिकल जर्नल या विख्यात वैद्यकीय नियतकालिकाने २००१ मध्ये घेतला. जे टाळता येते त्याला आकस्मिक म्हणू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

यावर भाविक मंडळी म्हणतील, "महाराज, जे ललाटी लिहिले आहे ते कोणाला चुकले आहे?" हा प्रश्न श्रद्धेतून येतो, म्हणून त्याचे उत्तरही शास्त्रातूनच दिले पाहिजे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्यास पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान या पदाचा अर्थ आचार्यांनी शरीर असा केला आहे, तर काहींनी कर्म जेथे घडते ते स्थान असा. व्यवहाराच्या विचारात हा दुसरा अर्थ अधिक उपयोगी, म्हणून येथे आम्ही तोच घेतो. कर्ता म्हणजे करणारा, करण म्हणजे साधन, चेष्टा म्हणजे क्रियेची रीत. हा क्रम वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. गीतेने दैव नाकारलेले नाही, परंतु त्याला पाचव्या पाटावर बसविले आहे. पहिले चार पाट भरल्याशिवाय पाचव्याला वाढायचे नसते.

आता ही पाच कारणे एका पॉवर प्रेसला लावून पाहावीत. पत्र्याचा तुकडा डायखाली हाताने सरकवायचा, पायाने पेडल दाबायचे, वरचा भाग धाडकन खाली येतो आणि सुटा भाग तयार होतो. असे पाळीभर, हजारो वेळा. एखाद्या क्षणी हात आत असतानाच प्रेस खाली येतो. जवळचे लोक म्हणतात, "त्याचेच लक्ष नव्हते." घरचे म्हणतात, "नशीब फुटके." परंतु अधिष्ठान पाहा : जागा अडचणीची, उजेड अपुरा, जमिनीवर तेल सांडलेले. करण पाहा : पुढची जाळी काढून ठेवलेली, कारण तिने कामाचा वेग मंदावतो; क्लच झिजलेला, त्यामुळे एकदा पेडल दाबले तरी प्रेस दोनदा पडतो. चेष्टा पाहा : बारा तासांची पाळी, वर ओव्हरटाइम, नगांचे लक्ष्य वाढत जाणारे. आणि कर्ता पाहा : आठच दिवसांपूर्वी हेल्पर म्हणून ठेकेदाराने आणलेला, यंत्र शिकविले न गेलेला पोर. या चारांचा झाडा घेतल्यावर दैवाच्या वाट्याला कितीसे उरते?

त्याच अध्यायात पुढे, कारणे पाच असता एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी असंस्कृत होय असे म्हटले आहे. तेथील संदर्भ आत्मज्ञानाचा आहे हे खरे. पण "त्याचेच लक्ष नव्हते" म्हणून चौकशीचा कागद बंद करणाऱ्यास हा उपदेश तंतोतंत लागू पडतो. माणसाचे लक्ष विचलित होणारच. तो माणूस आहे. त्याचे लक्ष क्षणभर ढळले तरी हात शाबूत राहील अशी योजना करणे, हेच शहाण्याचे काम.

विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन वैद्याने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात दुखापतीच्या विचाराला हीच शिस्त लावली. माणूस, इजा करणारी वस्तू आणि परिस्थिती यांचा वेगवेगळा विचार करा. आणि तोही आघाताच्या आधी, आघाताच्या क्षणी आणि आघातानंतर असा तिन्ही वेळांचा करा, असे त्याने सांगितले. प्रेसला दोन बटणे बसविली आणि दोन्ही हातांनी एकदम दाबल्याखेरीज प्रेस हलेनासा केला की, हात आत राहण्याची वेळच येत नाही. प्रकाशकिरणांचा पडदा बसविला की हात मध्ये येताच यंत्र आपोआप थांबते. हे कोणतेही गूढ विज्ञान नव्हे. फिरणाऱ्या यंत्राला आडोसा असलाच पाहिजे, हा दंडक १९४८ च्या कारखाने अधिनियमाने घालून दिला होता. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावला असला, तरी मालकाचे कर्तव्य तेच आहे.

उद्या विजयादशमी. शमीची कथा घरोघरी सांगितली जाईल. तिच्यातील एक तपशील मात्र बहुधा सांगायचा राहून जातो. विराटनगरीत शिरण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर ठेवली. पण नुसती ठेवली नाहीत. ती नीट गुंडाळून, पावसापासून जपून, उंच फांदीला बांधली, आणि दुर्गंधीने लोक दूरच राहावेत म्हणून त्या झाडावर एक प्रेतही टांगले. पांडवांना गुप्तता राखायची होती, हे खरे. पण घातक वस्तू माणसांच्या वावरापासून दूर ठेवावी, तिच्यावर आवरण घालावे आणि जवळ येणाऱ्याला दुरूनच इशारा मिळावा, हे तिन्ही उपाय त्या एका झाडावर एकत्र आलेले आहेत. आजचे सुरक्षाशास्त्र निराळ्या परिभाषेत हेच सांगते. आयुधाचा खरा पूजक आयुध उघडे टाकत नाही.

या दृष्टीने पाहता आकुर्डीपासून जवळच असलेल्या तळवडे येथील घटना विसरण्याजोगी नाही. ८ डिसेंबर २०२३ रोजी तेथील एका शेडला आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावतात त्या ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत. काम करणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. सहा जणी तेथेच गेल्या आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही जणी पुढे इस्पितळात दगावल्या. ज्वालाग्राही द्रव्य, दाटीची जागा, परवानगीचा पत्ता नाही. येथे कोणत्या ग्रहाला दोष द्यावा? पाचव्या कारणाकडे जाण्याची येथे गरजच पडत नाही.

आकुर्डी परिसरात कीर्तनास उभे राहिले म्हणजे आमची दृष्टी मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यांच्या हातांकडे जाते. टाळाची दोरी बोटांना वेढा देऊन धरायची असते. एका टाळकऱ्याच्या उजव्या हाताची दोन बोटे मुळापासून नाहीत. उरलेल्या बोटांत तो दोरी अशा युक्तीने अडकवितो की ठेका कधी चुकत नाही. प्रेसवर काम करताना बोटे गेली आणि नंतर काम गेले, एवढेच त्याने सांगितले; कारखान्याचे नावही घेतले नाही. "पांडुरंगाची इच्छा," असे तो म्हणाला. त्याच्या मुखी ते वाक्य शोभून दिसते, कारण ते त्याचे वैराग्य आहे. परंतु ज्याने प्रेसची जाळी काढून ठेवली, त्याच्या मुखी तेच वाक्य आले तर ते वैराग्य नव्हे, ती पळवाट आहे.

मोटार उद्योगातील जायबंदी कामगारांसाठी झटणारी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून दरवर्षी आपला अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. हरियाणापासून सुरू झालेल्या या कामात पुढे महाराष्ट्राचाही समावेश झाला. बोटे आणि हात सर्वांत अधिक पॉवर प्रेसवर तुटतात, आणि कित्येकांना ईएसआयचे कार्ड अपघात घडल्यावरच मिळते, असे हे अहवाल सांगतात. हे तुटणारे हात बहुधा बड्या कंपन्यांच्या आवारात तुटत नाहीत. ते तुटतात त्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या छोट्या शॉपमध्ये. तेथील मालकाचीही बाजू आहे. दर घासून ठरविलेला, माल वेळेत न गेल्यास दंड, कर्जाचा हप्ता मानगुटीवर. सेन्सर बसवायचा तर पैसा आणायचा कोठून? म्हणून जबाबदारीची साखळी वरपर्यंत गेली पाहिजे. ज्या मोठ्या कारखान्याच्या गाडीत तो सुटा भाग बसतो, त्याने दर ठरविताना मालाचा दर्जा तपासावा तसा प्रेसचा आडोसाही तपासावा.

योगसूत्रांत पतंजलींनी हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि होऊ दिलेली. धर्मविचाराने ही तिसरी पायरी फार सूक्ष्मतेने पाहिली आहे. होऊ देणाराही त्यात वाटेकरी ठरतो.

या तिसऱ्या पायरीचा विचार घराच्या उंबरठ्याच्या आतही केला पाहिजे, आणि नवरात्रासारखा त्यास योग्य काळ नाही. नऊ दिवस आपण शक्तीची उपासना करतो, कुमारिकांचे पाय धुतो, सवाष्णींची ओटी भरतो. त्याच नऊ दिवसांत शेजारच्या घरातून रात्री किंकाळी ऐकू येते आणि आपण दार लावून घेतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सुमारे चारांतील एका विवाहित स्त्रीने पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. दवाखान्यात गेल्यावर ती म्हणते, "जिन्यावरून पडले." डॉक्टर मलमपट्टी करतात आणि ती पुन्हा त्याच जिन्याखाली परत येते. हा खासगी मामला नव्हे, आरोग्याचा प्रश्न आहे, असे जागतिक आरोग्य सभेने १९९६ च्या ठरावाने मान्य केले. आपल्या मुंबईत त्यानंतर चारपाच वर्षांतच, वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू झाले. महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून हे काम उभारले. पट्टी बांधणाऱ्या परिचारिकेने एकांतात, मायेने, "बाई, हे खरोखर कसे झाले?" एवढे विचारायचे, मग समुपदेशन, कायद्याची माहिती आणि आधार. एक प्रश्न विचारल्याने कित्येकींची वाचा मोकळी होते. २००५ च्या कायद्याने घरातील हिंसेपासून संरक्षणाचा हक्क दिलेला आहे आणि १८१ या क्रमांकावर स्त्रियांना मदत मागता येते. भाविक घरांनी हा आकडा आरतीच्या पुस्तकात लिहून ठेवला तर देवी रागावणार नाही.

प्रयत्नाने फळ येते काय, अशी शंका कोणास असेल तर आकुर्डीपासून घटकाभराच्या वाटेवर किवळ्याशी संपणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पाहावा. वर्षानुवर्षे तो मृत्यूचा सापळा म्हणून ओळखला जाई. २०१६ पासून तेथे प्रत्येक जीवघेण्या ठिकाणाचा शोध घेण्यात आला : कठडा कोठे तुटला आहे, गाडी पलीकडच्या मार्गिकेत कोठे घुसते, जखमीला मदत पोहोचण्यास किती वेळ लागतो. त्याप्रमाणे दुरुस्त्या झाल्या, वेगावर नजर ठेवली गेली आणि पुढील वर्षांत मृत्यूंची संख्या बरीच खाली आली. रस्ता तोच, घाट तोच, वाहने तर वाढलेलीच. पहिल्या चार कारणांकडे लक्ष दिले, एवढाच काय तो फरक.

उद्याच्या मुहूर्तावर अनेक घरांत नवी दुचाकी येईल. चाकाखाली लिंबू ठेवले जाईल, हार घातला जाईल. त्या पूजेत हेल्मेटलाही गंध-फूल वाहावे, आणि एक नव्हे, मागे बसणाऱ्यासाठी दुसरेही असावे. गृहिणींनी मागे बसताना पदर आणि ओढणी आवरून घ्यावी, चाकाजवळची जाळी काढू देऊ नये. रस्त्यात कोणी जखमी दिसला तर पोलिसांच्या भीतीने पाठ फिरवू नये. मदत करणाऱ्यास त्रास देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये बजावले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आले. १०८ ला दूरध्वनी करावा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरावे. यंत्रात बोट तुटले तर ते ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत घट्ट बंद करून, ती पिशवी बर्फावर ठेवावी आणि जखमीबरोबरच रुग्णालयात न्यावी. बोट थेट बर्फात घालू नये, पेशी मरतात. हे ज्ञान प्रत्येक कामगाराच्या घरी असावे.

आणि आज ज्या शॉपमध्ये पूजा आहे, तेथील मालकांना आमची हात जोडून विनंती आहे. पूजेसाठी यंत्र थांबलेलेच आहे. नारळ फोडण्यापूर्वी काढून ठेवलेली जाळी पुन्हा बसवावी. झिजलेला क्लच उद्या नव्हे, आजच बदलण्यास सांगावा. नवीन आलेल्या पोराला यंत्रासमोर उभे करण्यापूर्वी त्याच्या नावाचे ईएसआयचे कार्ड काढावे. ज्या कामगारांची बोटे गेली आहेत त्यांना आज आवर्जून बोलवावे आणि पहिले पेढे त्यांच्या हातावर ठेवावेत. कामगारांनीही जाळी काढायला सांगणाऱ्यास नम्रपणे, पण ठामपणे नकार द्यावा. घरी वाट पाहणाऱ्यांचेही त्या हातावर ऋण आहे.

सकाळी उठताच आपण दोन्ही तळहात समोर धरून त्यांचे दर्शन घेतो. लक्ष्मी, सरस्वती आणि गोविंद त्या हातांतच वसतात, अशी आपली श्रद्धा आहे. हाताच्या अग्रभागी लक्ष्मी मानली आहे, आणि प्रेसखाली प्रथम जातो तो हाताचा अग्रभागच. ज्यांच्या तळहातांत देवता वसतात ते कामगारांचे हात म्हणजे या औद्योगिक नगरीतील असंख्य चालती देवळे आहेत. त्यांचे रक्षण करणे हे पुण्यकर्म आहे, आणि त्याला मुहूर्त लागत नाही.

जगदंबेने महिषासुराशी झुंज दिली, तीही दहाही दिशांनी सावध राहून, हाती योग्य आयुध घेऊन. तिच्या भक्तांनी डोळे मिटून संकटास सामोरे जावे, असे तिला कसे आवडेल? पहिली चार कारणे आपल्या हाती आहेत. ती आपण सांभाळावीत; पाचवे ती सांभाळील. आई जगदंबा सर्वांचे हात, पाय आणि घरे सुखरूप राखो, आणि ती राखण्याची बुद्धी आम्हां सर्वांस देवो, हीच आजच्या दिवशी प्रार्थना.